शिडीची चौथी पायरी

खिशात पाइपचा तुकडा आहे, दोन बोटं रुंद.
स्टेनलेस. मधोमध मी घातलेली शिवण,
मासोळीच्या खवल्यांसारखी, एकावर एक.
दस्तगीर शिकलगारनं तिचा एक्स-रे काढून आणला,
उजेडाकडे धरला,
आणि डॉक्टरनं सांगावं तसं म्हणाला,
काही निघालं नाही, मगदूम. सोमवारपासून ये.

कुपवाडला दुधाच्या टाक्या बनवायच्या.
अडतीस हजार. ओव्हरटाइम वेगळा. रविवारी घरी.
इथं ठेकेदाराकडून चौदा,
तेही वीस तारखेला, आले तर.
पद्मजानं हिशेब वहीत मांडला नाही,
पोराच्या बुटाचा तळ नुसता वर करून दाखवला.

टिंबर एरियातली रात्र.
चहूकडे लाकडं, आणि मध्ये आम्ही.
इस्माईलभाई बंबाच्या सीटवरच झोपतात,
बूट पायात, चावी मुठीत.
एकवीस वर्षं झाली. कायम व्हायचा कागद
कुठल्या टेबलावर अडकलाय
हे त्यांना टेबलाच्या रंगासकट माहीत आहे.

लोकांना वाटतं आम्ही आग विझवतो.
निम्मे दिवस तर विहिरीतली म्हैस,
आतून कडी लावून रडणारं पोर,
आणि पुरात पत्र्यावर बसलेली माणसं,
जी बोटीत चढण्याआधी शेळी पुढं करतात.

आणि हरिपूरचं ते पेव.
हळद काढायला उतरलेला माणूस वर आला नाही,
त्याला आणायला उतरलेला भाऊही.
आम्ही दोराला कंदील बांधून सोडला.
दहा फुटांवर तो मिटला,
फुंकर नाही, आवाज नाही,
जणू आतून कुणीतरी नको म्हणालं.
आयुष्यात पहिल्यांदा
एखादी ज्योत जगावी असं मला वाटलं.
सिलिंडर पाठीवर घेऊन उतरलो.
धाकट्याचा हात कोपरापर्यंत पिवळा,
आणि मुठीत थोरल्याचा सदरा, सुटता सुटेना.
एक जगला. कोणता ते सांगत नाही,
रात्री दोघंही सारखेच भेटायला येतात.

शिकलगार शिकवतो,
टाक्याला हवा लागू द्यायची नाही.
हवा लागली की शिवण आतून पोकळ.
म्हणून नळीतून आर्गॉन सोडायचा,
वितळत्या थेंबावर त्याचं पांघरूण.
मी मान डोलावतो.
काळ्या काचेआड निळा उजेड थरथरतो
आणि मला कंदील दिसतो, दहा फुटांवरचा.
हात मात्र हलत नाही.
तो विचारतो, हा हात कुठं कमावलास?

राजीनामा लिहून झाला आहे. तीन ओळी.
घरगुती कारणास्तव.
तारखेची जागा मोकळी.

आज सुट्टी होती तरी स्टेशनवर गेलो,
शिकलगारचं यंत्र रिक्षात घालून.
बंबाच्या शिडीची चौथी पायरी
दोन वर्षं तारेनं बांधलेली आहे.
तिच्यासाठी तीन अर्ज गेले.
आम्ही सगळे तिसरीवरून पाचवीवर जातो,
पायाला इतकी सवय
की घरच्या जिन्यातही चौथी चुकते.
नवीन पोरगा आलाय, सन्मती ऐनापुरे.
त्याच्या पायाला हे माहीत नाही.

तार कापली. गंज घासला.
वाऱ्याला आडोसा म्हणून
इस्माईलभाई ओली सतरंजी धरून उभे राहिले,
तोंड फिरवून, डोळे मिटून.
खवले काही पडले नाहीत, वारा होताच.
पण धातू धातूला भेटला.

गार झाल्यावर ते स्वतःच चढले,
चौथीवर थांबले,
दोनदा उड्या मारल्या, पन्नाशी उलटलेला माणूस.
"धरतंय," म्हणाले.
मग खाली न उतरता, वरूनच,
"सोमवार म्हंजी परवाच की रं?"

मी नळी गुंडाळत होतो.