विहीर क्रमांक अठ्ठावीस

फोन भाच्याचा. त्यातली बाई कानडीच बोलते.
शहापूरच्या तोंडाशी ती म्हणाली, एडक्के तिरुगी,
आणि मला आधी एडकाच दिसला,
खराखुरा, मटणाच्या दुकानाबाहेर खांबाला बांधलेला.
मग आठवलं, एडक्के म्हणजे डावीकडे.
चाळीस वर्षं या गावात काढली
तरी मी अजून मनात भाषांतर करून वळते.

काम साधंच. जुन्या विहिरी शोधायच्या,
काठावर उभं राहून बटण दाबायचं,
फोटो, खोली, पाणी आहे की नाही.
सत्तावीस झाल्या.
एकीत टायर, एकीवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक,
एकीत चक्क कासव.
कासवाला रकाना नव्हता. ते मी ‘इतर’मध्ये टाकलं.

अठ्ठाविसाव्या विहिरीच्या बोळात ठिपका बिथरला.
बोळ एवढा अरुंद की वरून त्याला मी दिसेना.
निळा ठिपका आधी पिठाच्या गिरणीत शिरला,
मग मारुतीच्या पाठीमागे,
मग समोरच्या घराची भिंत ओलांडून
आत जाऊन शांत बसला.
मी बाहेर, उन्हात, एक पाय गटाराच्या फरशीवर,
फोन कधी छातीशी, कधी डोक्यावर,
देवाला ओवाळल्यासारखा.

‘काय शोधुलैस गे मघापासनं?’

उंबऱ्यात द्रौपदी काकतकर.
हाताला कणीक, कपाळावर चष्मा.
मी म्हटलं, मावशी, ह्यात दाखवतंय
की मी तुमच्या स्वयंपाकघरात आहे.
तिनं माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं,
‘मग बाहेर का उभी? ये की आत.’

ओट्याखाली शहाबादी फरशी,
फरशीवर सिलिंडर,
सिलिंडरला टेकून कांद्याची टोपली.
मी काही विचारायच्या आत तिनं सगळं सरकवलं.
‘सून घरात नाही, म्हणून दाखवतो.
तिला भ्या वाटतंय, पायाखाली पाणी म्हटलं की.’

दोघींनी मिळून फरशी वीतभर उचलली.
गार वास आला. भिजल्या सुताचा म्हणावा तसा.
पूर्वी इथं माग होते चार, ती म्हणाली,
सूत इथंच धुवायचं,
लाल पाणी पार बोळाच्या टोकाला जायचं,
नवा माणूस घाबरायचा, कोण कापलं म्हणून.
मी फोनचा दिवा आत सोडला.
खूप खाली दुसरा एक दिवा लागला,
थरथरला,
आणि आमच्याकडे बघत राहिला.

पडद्यावर प्रश्न आला:
ही जागा कायमची बंद झाली आहे का?
हो. नाही. माहीत नाही.
बॅटरी नऊ टक्के.

‘काय म्हणूलाय तो?’
मी वाचून दाखवलं.
ती हसली नाही. कणीक नखातनं काढत म्हणाली,
‘बंद कशी? झाकलेली आहे.’
झाकलेलीला रकाना नव्हता.

चहा झाला. साखर फार होती.
निघताना तिनं दाराची कडी धरून हळूच विचारलं,
‘ह्यात घातलीस म्हणजे लोक येणार काय? बघायला?’
येतील, मी म्हटलं. शाळेच्या सहली, फोटोवाले.
‘चपला घालून?’

मी उत्तर दिलं नाही.

बोळात आले. माझ्याच सावलीत पडदा धरला,
लाल खूण बोटाखाली दाबून उचलली
आणि भिंतीबाहेर आणून ठेवली,
आठ पावलं इकडे, गिरणीच्या पायरीसमोर.
यंत्रानं विचारलं, नक्की?
सत्तावीस वेळा खरं सांगितलं होतं त्याला.
दाबलं.

फोटोत गिरणीची पायरी आली,
पायरीवर पीठ, पिठात मांजराचे पाय.
खोली: अज्ञात. पाणी:
इथं मात्र मला खोटं लिहवेना. आहे.

बलक्के तिरुगी, बाई म्हणाली.
ह्या वेळी मी मनात काहीच न करता उजवीकडे वळले.
नकाशाप्रमाणे त्या बोळात आता मधोमध विहीर आहे.
सायकलवाले तिच्यावरनं जातात.
मीही गेले.