काळी-पांढरी पानं

सकाळी साडेसहाला पेपर दारात पडतो
तेव्हा मी आधी त्याचा कागद चुरगाळून पाहते.
खरखरीत असला तर ठीक,
चकचकीत पान माझ्या कामाचं नाही.

आनंदनगरच्या तिसऱ्या मजल्यावर, मागच्या बाल्कनीत
रंगाचे तीन जुने डबे आहेत, बुडाला भोकं पाडलेले.
एक थर भाजीची देठं, एक थर कालच्या बातम्या,
वर वाटीभर आंबट ताक.
सव्वीस वर्षं टेलिफोनची तक्रारखिडकी सांभाळली,
आता हे.

अग्रलेख सगळ्यात लवकर कुजतो.
चिडून म्हणत नाही, खरंच,
आतलं पान असतं, पातळ असतं.
पहिल्या पानावरची जाहिरात मात्र –
जोडलेले हात, हसू, पुलाचं उद्घाटन,
त्याच पुलाचं पुन्हा उद्घाटन –
तीन महिने तशीच राहते,
दातसुद्धा पिवळे पडत नाहीत.
ती पानं मी फडताळात अंथरते.
तूरडाळीच्या डब्याखाली
दोन्ही पक्ष शेजारी शेजारी गप्प झोपतात.

हॉलमध्ये अच्युत चर्चा ऐकतो.
आठ चौकटींत आठ माणसं, कुणी कुणाचं ऐकत नाही,
हा नववा.
"तुझं मत काय?" त्यानं मला एकदाच विचारलं,
मतदानाच्या आदल्या रात्री,
आणि मी तोंड उघडायच्या आत टीव्हीचा आवाज वाढवला.

माझी मतं आहेत. बारीकसारीक आहेत.
धरणात किती टीएमसी हे रोज छापता,
मग गुरुवारी पाणी बंद हे बुधवारी रात्री का कळतं?
फुटपाथवरच्या झाडांना गळ्यापर्यंत सिमेंट,
झाड म्हणजे काय दिव्याचा खांब?
कर भरायला रांग नाही,
पावतीतलं नाव दुरुस्त करायला
तीन खिडक्या आणि एक जेवणाची सुट्टी.
हे मी ब्राह्मीला सांगते, गवती चहाला सांगते.
मिरचीला नाही सांगत, ती आधीच तापट.

कचरा न्यायला झुंबरबाई येतात.
मी त्यांना मोठ्या तोऱ्यात डबे दाखवले:
आमचा ओला कचरा शून्य!
म्हणाल्या, "तुमचं बरंय ताई.
बाकीच्या एकतीस घरांचं हातानंच निवडते मी.
हातमोजे देनार म्हणून सही घेतलीवती,
दिवाळीच्या आत.
कुठल्या दिवाळीच्या, ते नाही सांगितलं."

त्या रात्री पत्र लिहिलं. संपादकांना, स. न. वि. वि.
दोन पानं. तिसऱ्यांदा उतरवताना
'प्रशासनाची अनास्था' खोडून 'हातमोजे' केलं.
एकवीस दिवसांनी छापून आलं, चार ओळी.
मथळा त्यांचा: 'स्वच्छतेबाबत एक सूचना'.
पोंक्षे आडनावावरचा अनुस्वार
छपाईत कुठेतरी सांडला.

कात्रण घेऊन खाली गेले.
झुंबरबाईंकडे चष्मा नव्हता, त्यांनी बोटांनी पाहिलं.
अंगठ्याला चीर होती, कागद तिथे जरा अडकला.
मी वाचून दाखवलं. चार ओळींना वेळ तो किती.
त्यांनी परत दिलं.
"कागद चांगलाय," म्हणाल्या,
"कुजंल लवकर."

मग बोहरी आळीतून रबरी हातमोजे आणले, दोन जोड.
देताना मला काही फार बरं वाटलं नाही.
हे माझं काम नव्हतं, असं माझं मत आहे,
आणि मी पुन्हा लिहिणार आहे,
या खेपेला एकाच पानात.

मधल्या डब्यात एक टोमॅटो उगवलाय,
कुणी न लावलेला.
काल माती सैल करताना त्याच्या मुळाशी
पेपरचा एक तुकडा निघाला, वाचता येण्याजोगा.
'लवकरच' एवढंच.
पुढचं गांडुळांनी खाल्लं होतं.