नोंद क्रमांक एकशे चौदा

मूळ स्थानाच्या रकान्यात साहेबांना 'सातारा' हवं होतं.
मी पेन्सिल धरून तीन महिने थांबले.

वस्तू वीतभर. बारूद ठेवायची.
लाकूड, वर काळी लाख,
लाखेत हाडाची पानं, एकेक तांदळाएवढं.
तोंडाशी काळवीट, एका कानाचा टवका उडालेला.
पुण्याचे संग्राहक म्हणाले, जोधपूर.
सोलापूरचे म्हणाले, छे, ही बकरी, सिंधकडची.
एकानं फोटो उलटा धरून गोवा सांगितलं
आणि चहा मागवला.

देणारे बळवंत माणकर, कोरेगावचे निवृत्त पोस्टमास्तर.
त्यांना एवढंच ठाऊक : आई हिच्यात मेथीचं बी ठेवायची,
उंदराला चाप उघडत नाही म्हणून.
'लढाईबिढाई आमच्यात कुणी केली नाही हो,'
पावतीवर सही करताना म्हणाले, जरा ओशाळून.

मिरजेला गेले ते खरं तर
हाड की हस्तिदंत, एवढंच विचारायला.
गल्लीत भोपळे टांगलेले, पॉलिशचा वास,
आत कुणीतरी एकच तार
चढवतंय, उतरवतंय.
दस्तगीर शिकलगारांनी चष्मा कपाळावर सारला.
आधी पाहिलं नाही. वास घेतला.
'मेथी,' म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं, 'आणि गंधक. पण ते आपल्याला वाटतं.'

'शिकलगार म्हंजे धार लावणारे, ताई. पात्याला पाणी देणारे.
सरकारनं हत्यारं जमा करून घेतली,
आमच्या खापरपणज्याच्या हाताला काम उरलं न्हाई,
कानस तेवढी उरली.
मग कुणीतरी मोडकी सतार आणून दिली.'
हे सांगताना अंगठा
लाखेवरून फिरत होता, न बघता.

'ही आमची न्हवं,' त्यांनी सरळच सांगितलं.
'हे पान देठाकडनं कापलंय. आम्ही टोकाकडनं उतरतो.
कुठली म्हणाल, तर ज्यानं कापलं त्याला ठाऊक.'

मी वही मिटत होते.
त्यांनी बोट ठेवलं कुशीवर,
जिथं नक्षी चुकते म्हणून
सगळ्या जाणकारांनी नाक मुरडलं होतं.
'थांबा. ही सात पानं.'
फळीवरून जुन्या सतारीची एक पट्टी काढली,
धूळ बनियनला पुसली, शेजारी धरली.
टोकाशी तीच ओढ, किंचित डावीकडं,
जसं एखाद्या घराण्यात सगळेच
'ळ' जरा लांबवतात.

'फुटली होती. कुणीतरी इथं आणली.
जोडणाऱ्याला त्यांच्यागत पान कापता आलं न्हाई.
किंवा आलं,
आणि त्यानं कापलं न्हाई.'

परतीच्या एसटीत कराडपर्यंत उभी होते,
पिशवी पोटाशी.
बसायला मिळाल्यावर पेन्सिलीनं लिहिलं :
मूळ, माहीत नाही.
दुरुस्ती, मिरज. सात पानं.

साहेबांनी वाचलं. दुरुस्ती म्हणजे का मूळ, म्हणाले.
सही अजून व्हायची आहे.

कपाटात ठेवताना चाप चुकून दाबला गेला,
मेथीचा एक दाणा घरंगळत गेला
तलवारींच्या खाली.
काच बसवून झाली होती.
राहू दिला.