मतलईच्या दिवसांत

पावसाळ्यात आपल्याकडे ठिणगीला थाराच नसतो.
भिंतीला मीठ सुटतं,
पत्र्याला लावलेला हात ओलाच परत येतो.
पण पौषात मतलई सुटली
की हर्णैच्या बंदरावरसुद्धा
शर्ट काढताना केस उभे राहतात.
तेव्हा जपायचं, इसाकभाई म्हणतात.

पाजपंढरीतल्या त्या एसीचा बोर्ड
मीच मारला.
मेन बंद होता, कॅपॅसिटर रिकामा केलेला,
सगळं शिकवल्यासारखं.
फक्त अंगात नायलॉनचा स्वेटर,
आणि चिप उघड्या बोटांनी धरली.
ना चटका, ना आवाज.
एसी सुरू झालाही. चहा झाला. पैसे घेतले.
चौथ्या दिवशी फोन आला.

इसाकभाई ओरडले नाहीत.
"तुला लागते ती ठिणगी मोठी, बाबा.
बोर्डाला न लागणारीही पुरते."
मग मनगटाला पट्टा बांधला,
पोराला तावीज बांधावा तसा,
आणि त्याची तार अर्थिंगला.

आज कुल्फीवाल्या मयेकरांचा फ्रीजर.
आत नवा गॅस,
चुलीवरच्या सिलिंडरचा सख्खा चुलतभाऊ.
देवघरातला दिवा आधी विझवायला लावला,
खिडक्या उघडल्या,
सुकटीचा वास बिनदिक्कत घरात शिरला.
नळी कापण्याआधी
उघड्या तांब्यावर तळहात टेकवून
थोडा वेळ तसाच बसलो.

"फ्रीजरच्या पाया पडतोस होय रे?"
काकूंनी दारातून विचारलं.

हो म्हटलं.
काय सांगणार,
अंगात काय काय साठलेलं असतं ते.