चुना

मस्कतच्या त्या गार मंडपात शिरताना
एका मुलीनं मनगटाला कागदी पट्टा बांधला
आणि हातात दिली चवींची वही.
आंबट, तुरट, मातकट, फुलांसारखी:
प्रत्येकीपुढे रंगवायला एक गोल.
मी दोन रंगवले, मग पेन्सिल हरवली.

मॅरिसेल सोबत होती. रात्रपाळी संपवून
आम्ही दोघी थेट बरकाहून आलो होतो,
डोळ्यांत अजून प्रयोगशाळेची ट्यूबलाइट.

पहिला कप लोबानाच्या धुरीवर धरलेल्या दाण्यांचा.
सलालाहचे म्हातारे हिलाल म्हणाले, घाई नको.
घोट घेतला, आणि चपला न काढताच
कुणाच्या तरी देवघरात शिरल्यासारखं झालं.

मग सांडणीच्या दुधातली. कडेनं खारट.
मॅरिसेलनं कप परत ठेवला, अगदी हळू,
झोपलेलं मूल ठेवावं तसा.

मग काळ्या वाळक्या लिंबाची, बर्फावरची.
मग येमेनचा किशर, ज्यात बी नाहीच,
नुसती सालं आणि सुंठ:
सर्दी झाली की आई नाक दाबून पाजायची तो काढा.
सालपटांचे दोन रियाल! मी मराठीत पुटपुटले,
आणि आणखी एक घेतला.

पाचवीचे दाणे नव्वद तास बंद पिंपात आंबवलेले.
फणस लागतोय का? त्या पोरानं आशेनं विचारलं.
लागत होता. थोडा नासकाही.
मी फणस एवढंच म्हणाले.

आमच्या घरी कॉफी पाहुण्यांची, नाहीतर आजाऱ्याची.
भरपूर दूध, वर जायफळ किसलेलं.
पिऊन माणूस आडवा व्हायचा.
जग ती जागं राहायला पितं
हे मला इथे येऊन कळलं, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.

शेवटच्या टेबलाशी टिगिस्ट.
बारीक मानेची किटली, वजनकाटा, तापमापक,
कपाळावर घामाचा एक थेंब, तोही मोजून घेतल्यासारखा.
कपात अठ्ठ्याण्णव भाग पाणीच असतं, ती सांगत होती,
बाकीचे डोंगरातलं पाणी मागवतात, बाटल्यांतून.
माझं नळाचंच. ह्या शहराचं.
कुणीतरी त्यात चुना फार नीट घालतं.

कुणीतरी.
मॅरिसेलचं कोपर माझ्या बरगडीत.

समुद्र आमच्याकडे येतो तेव्हा त्यात सगळं असतं,
मीठ, शेवाळ, जहाजांचं तेल, कुणाचं काय काय.
पडद्यांमधून निघतो तेव्हा काहीच नसतं.
असं रिकामं पाणी भुकेलं असतं, नळच खातं.
म्हणून शहरात सोडण्याआधी
त्याला चुन्याचा पहिला घास भरवायचा,
उष्टावणाच्या बाळासारखा, दर चार तासांनी मोजून.
बावीस वर्षं मी हेच करते.
आणि आमच्या भाषेत चुना लावणं म्हणजे फसवणं,
हे तिला कुठल्या भाषेत सांगू?

मी कप घेतला.
आधी मोगरा, मग संत्र्याची साल,
आणि त्या सगळ्याच्या खाली,
माझ्या एकटीच्याच जिभेला कळावा इतका,
मंगळवारच्या रात्रपाळीतला माझा हात.

ही ती, मॅरिसेलनं सांगूनच टाकलं. ही घालते.

टिगिस्ट हसली नाही. किटली खाली ठेवली,
रांगेकडे पाठ केली आणि विचारलं:
गेल्या महिन्यात दोन दिवस काय झालं होतं?
चव सपाट आली होती. मला वाटलं दाणेच खराब.

दोन दिवस पंप बिघडला होता.
नोंदवहीत लिहिलंय: मर्यादेत.
खाली माझी सही आहे.
पंधरा लाखांनी आंघोळ केली, डाळ शिजवली,
कुणाची तक्रार आली नाही.

पंप, मी म्हणाले. सुटा भाग येत नव्हता.

तिनं मान हलवली,
घरच्या आजाऱ्याची खबर ऐकून हलवतात तशी,
मग मागच्या माणसाला थांबायची खूण करून
नळ सोडला, किटली भरली.