गादी

बडोद्यात गादी म्हटलं की
जुनी माणसं अजून आवाज खाली आणतात.
म्हणून डॉक्टर पंचाल म्हणाल्या,
"काका, गादी घसाई गई छे,"
तेव्हा मला आधी हसूच आलं.
कुणाची, विचारलं.
तुमची. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली.

फिल्म त्यांनी उजेडावर लावली.
एकावर एक रचलेले मणके,
मध्ये मध्ये फिकट पांढऱ्या चकत्या,
आणि तळाशी दोन काळ्या.
पांढरं म्हणजे पाणी, त्या म्हणाल्या.
मी अठ्ठावीस वर्षं मकरपुऱ्यात
पंपांचे सुटे भाग तपासले,
वॉशर, सील, बेअरिंग.
चष्मा कपाळावर, मायक्रोमीटर हातात.
झीज आणि मी, जुनी ओळख.
लगेच विचारलं, किती मिलिमीटर?

ते त्यांनी सांगितलं नाही.
दिवसभर उभं राहिलं की गादीतलं पाणी पिळून निघतं,
रात्री आडवं झालं की ती पुन्हा पिते.
म्हणून माणूस सकाळी
जेमतेम अर्ध्या पेराने उंच असतो.
(म्हणजे सकाळी न्हाणीच्या आरशात
माझा भांग कापला जायचा आणि रात्री नाही,
तो भ्रम नव्हता.)
तरुण गादी रोज भरते.
तुमची अर्ध्यावर थांबते, एवढंच.
केस पिकतात तसं.

मग हे काय, मी बोट ठेवलं.
मणक्याच्या कडेला चोच.
वरून एक, खालून एक,
एकमेकींना शिवायला निघालेल्या.
"हाडकुं वधी गयुं छे."
या वयात? वाढलं?
गादी बसली की मणके डुगडुगतात.
हाडाला ते खपत नाही,
ते कडेने पसरतं, टेकू देतं.
नस त्याला दिसत नाही.
टेकू देता देता ती दाबली जाते
आणि पेटते तुमची पोटरी.

फिल्ममागची ट्यूबलाइट गुणगुणत होती.
सत्त्याऐंशी साल. तीन नंबरची शेड.
भिखूभाई राठवा, फिटर.
पंपाचा पाया हलत होता,
त्याने कुणाला न विचारता
कोपऱ्यात लोखंडाचा तुकडा जोडला,
ओबडधोबड,
ड्रॉइंगमध्ये नसलेला.
मी लाल खडूने फुली मारली.
जादा मटेरियल, लिहिलं. तासून काढा, लिहिलं.
त्याची दोन दिवसांची हजेरी कापली गेली.
तो इतकंच म्हणाला,
"साहेब, हालतुं हतुं."

पाइप त्या तुकड्याला घासत होता, हे खरं.
मी चुकलो नव्हतो.
पाया का हलतो, ते तपासलं नाही.
माझ्या फॉर्मवर तो रकानाच नव्हता.

काढून टाकता येईल का हे, मी विचारलं.
येईल. पण आज नको.
आधी पोटाचे, पाठीचे स्नायू घट्ट करू,
हलणं कमी करू.
कित्येकांच्या पाठीत असे काटे असतात, काका,
मरेपर्यंत त्यांना पत्ता नसतो.

दांडिया बाजारातून चालत निघालो.
लकडी पुलाआधीच पाय भरून आला.
एका भाजीच्या हातगाडीवर हात टेकून वाकलो,
पुढे वाकलं की नसेला जरा जागा मिळते.
"शुं आपुं, काका?"
काहीच नको होतं.
पाव किलो तुवेर घेतली.
तिने तोलली, मी तसाच वाकलेला.
भिखूभाई रिटायर होऊन छोटा उदेपूरकडे गेला असं कुणी सांगितलं होतं,
पुढचं कुणाला ठाऊक नाही.

घरी कुमुदिनीने विचारलं, काय म्हणाल्या?
हलत होतं, म्हणाल्या.
काय हलत होतं?
मी पाठीला उशी लावली
आणि शेंगा सोलायला बसलो.