पुढचा

सर म्हणाले, इटरेटर म्हणजे...
आणि फळ्यावर एक बाण काढला.
बाणाच्या टोकाशी काहीच नव्हतं.
प्रज्योत सानप जोरजोरात मान डोलवत होता,
म्हणजे त्यालाही कळलं नव्हतं.

मी पिंपळगावहून आलेली, द्वारकेला उतरून धावत,
बोटांना अजून द्राक्षांचा चिकटा.
दिवसभर पॅकहाउसात पट्ट्यापाशी उभी.
घड येतो.
कात्रीनं तडकलेले मणी काढायचे,
तोलायचा, पनेटात निजवायचा,
मान वर न करता म्हणायचं, पुढचा.
मागच्या शेडात किती क्रेट आहेत
मी कधी विचारलं नाही.
सगळा माल एकदम टेबलावर ओतला असता
तर टेबल मोडलं असतं. आणि मीही.

वहीत लिहिलं :
याच्यापाशी माल नसतो.
कुठवर आलो, तेवढं याला ठाऊक.

रात्री सिडकोतल्या खोलीवर प्रोग्रॅम लिहिला,
वीस पनेटांची वजनं.
पहिल्या लूपमध्ये बेरीज अगदी बरोबर.
दुसऱ्यात कमी भरलेली शोधायची होती,
तर पडदा कोरा.
लाल अक्षरं नाहीत, चूक नाही, काही नाही.
साडेअकरापर्यंत कंस मोजत बसले.
रुखसाना म्हणाली, दिवा घालव गं, सहाची पाळी आहे.

अंधारात पट्टा आठवला.
तो थांबतो तेव्हा कोणी ओरडत नाही.
शालनमावशी हातमोजे उलटे काढते,
"झालं," म्हणते.
ते गाऱ्हाणं नसतं.
रिकाम्या पट्ट्यापुढं उभं राहून
कितीही वेळा पुढचा म्हणा,
सकाळचे घड मागं फिरत नाहीत.

पण यादी होती ना.
वीसच्या वीस वजनं, वरच्या ओळीत, जागची न हललेली.
संपलं होतं ते फक्त तिच्यावरून फिरणारं बोट.
मोबाइलच्या उजेडात उठले,
यादीकडं नवं बोट मागितलं,
पहिल्यापासून.
सातवं, तेरावं. दोन कमी भरलेली.
दोन्ही बहुतेक माझ्याच हातची.

सकाळी सुपरवायझरला पहिल्यांदाच विचारलं,
आज आत किती आहेत हो?
तो म्हणाला, तुला काय करायचंय?
येतील तसे घे.

हेच सरांनी सांगितलं असतं
तर बाण कशाला काढावा लागला असता.